कच्चं औषध

कोंडाजीच्या जयवंताचं लग्न झालं ते साल अठराशे एक्क्याण्णव. वैशाखात ती साजगावला नांदायला गेली आणि त्याच महिन्यात कर्जतच्या पाद्र्याच्या देवळातले म्हातारे फादर अन्सेल्म बोटीत बसून आपल्या जर्मन मुलखाला परत गेले. त्यामुळे म्हातारा पाद्री कधी गेला असं कुणी विचारलं की कोंडाजीची बायको सुंदरा सांगायची, "जयीच्या लग्नात. आहेर म्हणून काचेची बरणी धाडली व्हती. विहीणबाईंनी ती उन्हात धरून बघितली नि म्हनल्या, फुटली तर आमच्यावर नाव नको."

ही विहीणबाई म्हणजे जयवंताची सासू अंबाबाई. तिच्याकडे आपण येऊच. तिला टाळून आजवर कुणाला पुढे जाता आलेलं नाही.

कोंडाजी त्या देवळात घंटा वाजवायचा. पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीला, अशी दिवसातून तीनदा. शिवाय झाडलोट, पाणी भरणं आणि औषधाला आलेल्या माणसांना ओळीनं बसवणं. तो स्वतः किरिस्ताव नव्हता. घरात खंडोबाचा टाक होता, त्याला तो रोज हात जोडायचा. पण पंधरा वर्षं दुसऱ्याच्या देवाची घंटा वाजवली की माणसाला त्या देवाच्या वेळा पाठ होतात, आणि वेळा पाठ झाल्या की त्या कुणी चुकवल्या तर राग येतो. तसा कोंडाजीला यायचा.

देऊळ लहान, कौलारू. रविवारी तिथं रेल्वेतले वसईचे नि गोव्याचे फिटर आणि गँगवाले बायकापोरांसकट मिस्साच्या प्रार्थनेला यायचे. बाकीचे सहा दिवस पडवीत तापकरी बसायचे. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात भात निसवायला लागलं की हिवताप हा यायचाच, पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखाच लवकर हलायचा नाही. मग कुळवाडी यायचे, गाडीवान यायचे, घाटातल्या ठाकुरवाडीकडून रेल्वेचे मजूर खाली उतरायचे. सगळ्यांना हवी असायची ती कोयनेलची पांढरी पुडी.

फादर अन्सेल्म यांची एक रीत होती. पडवीत कितीही माणसं असोत, ते आधी देवळात जाऊन वेदीपुढे गुडघे टेकत आणि अर्धा तास तसेच राहत. ओठसुद्धा हलत नसत. मग उठून बाहेर येत, एकेकाला नाव विचारत, घरचं विचारत, पुडी पाण्यात कालवून समोर प्यायला लावत आणि तोंड उघडून दाखवायला सांगत. त्या अर्ध्या तासात औषधाची पेटी वेदीच्या पायरीवर, त्यांच्या शेजारीच असायची.

लोकांनी हे पाहिलं आणि लोकांना जे कळायचं ते कळलं. पेटी देवापुढे ठेवायची, पाद्रीबाबा जप करणार, त्या जपावर औषध शिजणार, आणि शिजलं की वाटायचं. सापाचा उतारा मंत्रून देतात, अंगारा मंत्रून देतात, मग हे तसंच. यात न कळण्यासारखं काय होतं?

खरी गोष्ट एकट्या कोंडाजीला माहीत होती. पेटी तिथं त्यानंच ठेवली होती. सगळ्या देवळाची जमीन मातीची, वाळवीनं पोखरलेली. दगडी अशी ती एकच पायरी. पण पंधरा वर्षं पन्नास गावचे लोक एकच गोष्ट सांगत राहिले, तेव्हा कोंडाजीलाही वाटू लागलं की पेटी आपण ठेवली खरी, पण तिथं ठेवायची बुद्धी आपल्याला कुणी दिली?

आषाढात नवे फादर आले. फादर हुबर्ट. पस्तिशीचे, उंच, तांबूस दाढीचे. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे ते बोलायला लागले की समोरच्याला वाटायचं, आपल्यावर समन्स निघालंय आणि ते वाचून दाखवताहेत. पहिल्या दिवशी त्यांनी देवळाची लांबी-रुंदी मोजली. दुसऱ्या दिवशी विहिरीची खोली. तिसऱ्या दिवशी कोंडाजीला विचारलं, "कोंडाजी, हे रोगी येथे अर्धा तास निष्कारण का बसतात?"

"जप व्हायचा असतो ना, पाद्रीबाबा."

"कोणाचा?"

"तुमचा."

"माझी प्रार्थना मी सवडीने करीन. तापाने फणफणलेल्या माणसाने तिच्यासाठी का थांबावे?"

ऐकायला ते बरोबरच वाटलं. पुढं त्यांच्या पुष्कळ गोष्टी ऐकायला बरोबर वाटल्या. त्यांनी पडवीत औषधासाठी कपाट केलं आणि त्याचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. पत्र्याचे बिल्ले करून त्यांवर आकडे घातले. ज्याचा आकडा पुकारला जाईल त्यानं यायचं, पुड्या घ्यायच्या, घरी जायचं. आता पडवीतल्या कुणालाच आकडा वाचता येत नव्हता, आणि पुकारणाऱ्या कोंडाजीलाही येत नव्हता. तो आपला चेहरे बघून "ये रं तू, ये गं तू" करायचा आणि फादर आत बसून खुशीनं मान हलवायचे की व्यवस्था लागली. पूर्वी जितक्या वेळात वीस माणसं व्हायची, तितक्या वेळात साठ होऊ लागली.

सवड मात्र फादरना झाली नाही. शाळेची भिंत होती, विहिरीला पायऱ्या बांधायच्या होत्या, मुंबईच्या वडील पाद्र्यांना पत्रं लिहायची होती. प्रार्थनेचं पुस्तक ते दिवसभर काखेत घेऊन हिंडायचे, न्हावी धोकटी घेऊन हिंडतो तसे. भिंतीवर ठेवायचे, विहिरीच्या काठावर ठेवायचे, एकदा तर ते सुलेमान गाडीवानाच्या गाडीत राहून खोपोलीपर्यंत जाऊन आलं. पण उघडलेलं कुणी पाहिलं नाही.

कोंडाजीला वाचता येत नसलं तरी डोळे होते. त्या पुस्तकात खुणेसाठी एक लाल फीत होती. म्हाताऱ्या फादरांच्या पुस्तकातली फीत रोज गोगलगायीसारखी पुढं सरकायची. ही फीत नारळी पौर्णिमेला जिथं होती, तिथंच गौरी गेल्या तरी होती.

रविवारची मिस्साही अशीच. एक गोयंकर फिटर देवळाबाहेर कोंडाजीला म्हणाला, "ह्या फादरची मिस्सा म्हणजे घाटातून सुटलेली बिनब्रेकची गाडी. आपण आमेन कर्जतला म्हणावं, तर हे नेरळला पोचलेले."

भाद्रपदात ताप उलटू लागले. ज्यांनी पुड्या नेल्या तेच आठवड्यानं पुन्हा कुडकुडत आले. यात जादू काही नव्हती. म्हातारे फादर समोर बसवून प्यायला लावत. हे पुड्या हातात देत, आणि ते कडू जहर घरी गेल्यावर कोण पुरतं घेतो? कुणी अर्धीच घेतली, कुणी ती घरातल्या चौघांत वाटली, कुणी म्हशीला घातली. पण असं कोण कबूल करणार? एक दिवस सुलेमान गाडीवान कांबळं पांघरून आला आणि त्यानं फादरांपुढे पुडी ठेवली.

"पाद्रीसाहेब, ही परत घ्या. कच्ची हाय."

"कच्ची? म्हणजे काय?"

फादरांनी कोंडाजीकडे पाहिलं. कोंडाजी कौलं मोजू लागला.

"म्हाताऱ्या साहेबांची पुडी घशाखाली उतरली की तापाला म्हनायची, चल, ऊठ," सुलेमान म्हणाला. "तुमची पुडी पोटात जाऊन बसते, ताप बी तिच्या शेजारी बसतो, नि दोघं गप्पा मारतात."

"अहो, हे त्याच डब्यातले औषध आहे! एकाच झाडाची साल!"

"आसंल. तांदूळ बी एकाच कोठारातला असतो, साहेब. म्हनून कोन कच्चा खातो का?"

फादरांनी त्याला पाव तास झाडाच्या सालीची माहिती दिली. सुलेमाननं ती सगळी ऐकून घेतली आणि पुडी तिथंच ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात साठांची बारा माणसं झाली, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. त्या तिघांतला एक तर फक्त सावलीला बसायला यायचा.

अशा वेळी, मंगळवारी सकाळी, सुलेमानची गाडी देवळापुढे न थांबता सरळ कोंडाजीच्या दाराशी थांबली आणि तिच्यातून अंबाबाई उतरली. मागं गोधडीत गुंडाळलेली जयवंता. लग्नात भरलेला तिचा चेहरा चार महिन्यांत लिंबाएवढा झाला होता. एक दिवसाआड ताप, भर दुपारी. आधी जांभया, मग थंडी, मग आग.

"व्याही, सांभाळा तुमची लेक," अंबाबाई म्हणाली. "म्हंजी मी बी हायेच. बरी झाल्याशिवाय मी हालनार नाय."

सुंदरानं आत जाऊन डोक्याला हात लावला. विहीण घरात म्हणजे रोज सणाचा स्वयंपाक.

कोंडाजी धावत जाऊन पुडी घेऊन आला. अंबाबाईनं पुडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ही शिजलेली हाय का?"

"विहीणबाई, औषध त्येच हाय बघा..."

"त्येच आसंल. तुमच्या नव्या पाद्र्यानं जप सोडलाय, ह्ये साजगावापतूर ठावं हाय. मला दोन वर्सामागं म्हाताऱ्या बाबानं उठवलं. घंटावाल्याची पोर सून केली ती कशापायी? घरात शिजलेलं औषध हक्काचं व्हईल म्हनून. न्हायतर तुमच्या दारात काय सोनं सांडलं व्हतं?"

"बाबा," गोधडीतून जयवंता म्हणाली, "कच्चं असंल तरी द्या, पन लवकर द्या."

"तू गप गं. तुला ताप हाय."

कोंडाजीला राग येणारच होता, तेवढ्यात त्यानं पाहिलं की बोलता बोलता अंबाबाईनं सुनेचे पाय आपल्या मांडीवर घेतले होते आणि ती ते चोळत होती. तिची थोरली सून तीन वर्षांमागं ह्याच तापात गेली होती. बाजारात बसणाऱ्या एका वैदूची पुडी अंबाबाईनं स्वतः आणून तिला दिली होती. कुणी मंत्रली नव्हती, कुणाला विचारली नव्हती. पोर सहाव्या दिवशी गेली. तेव्हापासून अंबाबाईनं ठरवलं होतं की घरात पुन्हा कच्चं औषध येणार नाही. एवढं ठाऊक असल्यावर कोंडाजी काय भांडणार?

त्या दुपारी जयवंताला असा ताप चढला की ती बापाला ओळखेना.

संध्याकाळी घंटा वाजवून झाल्यावर कोंडाजी फादरांकडे गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. पेटीचं, जपाचं, शिजण्याचं. फक्त अर्धा तास गुडघे टेका, विहीणबाईला दिसेल असे, एवढंच मागितलं.

फादर हुबर्ट ताडकन उठले. "कोंडाजी! तू मला प्रार्थनेचे सोंग करण्यास सांगतोस? औषध देवाने झाडात घातले आहे. माझ्या गुडघ्यांत नाही. मी असे केले तर मी पाद्री नव्हे, मांत्रिक ठरेन. कधीही नाही!"

हेही ऐकायला बरोबरच होतं.

मग कोंडाजीनं सोपा मार्ग धरला. बुधवारी सकाळी पुडी घेऊन घरी आला आणि म्हणाला, "शिजवून आनलंय, विहीणबाई. पाद्रीबाबांनी अर्धा घंटा जप केला."

अंबाबाई चुलीशी बसून सुंदराच्या आमटीत मीठ कमी आहे असं सांगत होती. तिनं वरही बघितलं नाही.

"लेकीच्या गळ्यावर हात ठेवून सांगा."

कोंडाजीचा हात उचलेना. तो पुडी घेऊन तसाच मागं फिरला. मागून अंबाबाईचा आवाज आला, "व्याही, खोटं बोलायला बी आदी सवय लागते."

फादर विहिरीवर होते. पायऱ्यांची भिंत सरळ येते की नाही, ते ओळंबा सोडून बघत होते. प्रार्थनेचं पुस्तक काठावर चुन्याच्या घमेल्याशेजारी पडलं होतं. कोंडाजीनं ते उचललं, धोतरानं पुसलं आणि म्हणाला, "पाद्रीबाबा, एक विचारू? रागवू नका."

"विचार."

"तुमच्या पुस्तकातली फीत का हालत नाय?"

ओळंबा दोरीला तसाच लोंबकळत राहिला. फादर आधी तांबडे झाले, मग पांढरे.

"तुला वाचता येते?"

"नाय. फीत दिसते."

"मला वेळ नसतो, कोंडाजी." आवाज एकदम खाली आला. "पहाटेपासून मी ह्या लोकांसाठीच राबतो. ते तर तू पाहतोस."

"बघतो की. बैलावानी राबता. पन बैलाला बी दुपारी सोडतात, पाद्रीबाबा. सोडला नाय तर राबतो तो, पन औत वाकडं वढतो. मग धनी म्हनतो, जमीन वाईट."

फादरांनी पडवीकडे पाहिलं. पडवीत तो सावलीवाला एकटा झोपला होता.

"पण त्या बाईला वाटते की प्रार्थनेने औषध शिजते," ते म्हणाले. "ते खोटे आहे. मी खोट्याला हातभार लावू?"

"तुमी औषधासाठी नका करू. ही फीत अडकलीय, तिच्यासाठी करा. म्हातारे बाबा तरी पेटीसाठी कुठं करत व्हते? त्यांना पेटीचं ध्यान बी नसायचं. पेटी तिथं मी ठेवली व्हती, वाळवीपायी."

"कशासाठी?"

"वाळवी हो. खाली ठिवली की पेटी खायची."

फादर हुबर्टनी त्याच्याकडे बघितलं, आणि कर्जतला आल्यापासून पहिल्यांदा ते हसले. इतके हसले की घमेल्याला पाय लागून चुना विहिरीत गेला. मग पुस्तक घेऊन ते कितीतरी वेळ त्या फितीवरून बोट फिरवत उभे राहिले.

"उद्या सकाळी," ते म्हणाले. "त्या बाईला यायचे असेल तर येऊ दे. परंतु मी तिच्यासाठी करणार नाही, हे तिला सांग."

"सांगतो," कोंडाजी म्हणाला आणि हे मात्र सांगायचं नाही असं त्यानं वाटेतच ठरवलं.

गुरुवार हा जयवंताच्या तापाचा दिवस. औषध पोटात जायचं ते थंडी वाजायच्या आत. एकदा थंडी भरली की मग त्याचा उपयोग पुढच्या पाळीला, आणि पुढच्या पाळीपर्यंत ही पोर टिकेल की नाही हे कोंडाजीला कुणी सांगू शकत नव्हतं. सकाळची पुण्याची गाडी घाटाकडे गेली तेव्हा त्यानं लेकीला पाठुंगळीवर घेऊन देवळात आणलं आणि मागच्या भिंतीशी टेकून बसवलं. शेजारी अंबाबाई बसली, मिश्रीची डबी घेऊन. कोंडाजीनं कपाटातली पेटी आणून पायरीवर ठेवली. फादरनी ती बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि गुडघे टेकले.

सुरुवात काही बरी झाली नाही. फादरांची पाठ घोरपडीसारखी ताठ. थोड्या वेळानं हात झग्याच्या खिशात गेला.

"व्याही," अंबाबाई सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "हा जप नाय. हा घड्याळ बघतोय."

"गप बसा हो."

"मी गप बसीन. पन आच लागली नाय, ह्ये सांगून ठिवते."

फादरांचा हात खिशातून बाहेर आला. घड्याळ त्यांनी पायरीवर उपडं ठेवलं. मग ते जरा खाली वाकले. मग आणखी. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्यांचे खांदे असे हलले की कोंडाजीनं मान वळवली. दुसऱ्याचं असलं काही बघू नये.

त्यानंतर ते हललेच नाहीत.

अंबाबाईनं मिश्री लावायची थांबवली. "हां," ती म्हणाली. "आता लागली."

मालगाडी गेली. मागनं लावलेलं इंजिन घाटातून रिकामं परत आलं. बाहेर पडवीत एक-दोन माणसं डोकावली, फादर गुडघ्यांवर आहेत असं बघून गावात पळाली आणि पंधरा माणसं घेऊन परत आली. सुलेमान आला. आवाज न करता सगळे खाली बसले. अर्धा तास झाला, तास झाला. फादरांची पाठ आता ताठ नव्हती. भर उन्हातून आलेला माणूस झाडाखाली बसतो तशी ती सैल पडली होती. अडीच महिन्यांचं साठलेलं होतं, ते का अर्ध्या तासात निपटणार?

मग जयवंतानं जांभई दिली.

कोंडाजीनं तिची नखं बघितली, ती निळी पडायला लागली होती. अंबाबाईनंही बघितली.

"व्याही, उठवा त्यांना."

"तुमीच म्हनलात, शिजू दे."

"शिजू दे म्हनलं. कोळसा कर म्हनलं नाय! करपंल आता. उठवा!"

आता उठवायचं कसं? पंधरा वर्षांत कोंडाजीनं जपात बसलेल्या पाद्र्याला हात लावला नव्हता. दोन दिवस ज्यानं प्रार्थना करा म्हणून फादरांचं डोकं खाल्लं, त्यानंच आता त्यांना मधेच ओढायचं? तो दोन पावलं पुढं गेला, एक मागं आला. जयवंतानं दुसरी जांभई दिली आणि गोधडी ओढून घेतली.

कोंडाजी बाहेर धावला, त्यानं दोर धरला आणि दुपारची घंटा वाजवली. सूर्य डोक्यावर यायला अजून तासभर तरी होता.

पंधरा वर्षांत चुकीच्या वेळी वाजलेली ती एकच घंटा. पण कर्जतला तिची इतकी सवय झाली होती की शेडमधल्या फिटरांनी हातोडे टाकले आणि ते भाकरी खायला बसले. रानातल्या बायांनी खुरपी ठेवली. स्टेशनातल्या बाबूनं म्हणे भिंतीवरच्या घड्याळाला दोन चापट्या मारल्या.

आत फादर हुबर्ट दचकून उठायला गेले आणि उठेनात. गुडघे आखडले होते. एक हात पायरीवर, एक हवेत, असे ते वासरासारखे धडपडत राहिले. शेवटी एका बाजूनं कोंडाजीनं काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूनं अंबाबाईनं.

"उठा बाबा, उठा. झालं. लई झालं," ती म्हणाली. "शिजायला ठेवून तिथंच निजायचं नसतं."

फादर उभे राहिले. डोळे लाल होते. त्यांनी जयवंताकडे पाहिलं आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसले. आधी बिल्ला मागायचे, ते आज म्हणाले, "मुली, तुझे नाव काय?"

"जयवंता."

"जयवंता. हे फार कडू आहे. आपण दोघे मिळून संपवू. तू पी, मी येथे बसतो."

त्यांनी पुडी पाण्यात कालवली, पेला तिच्या ओठांना लावला आणि थेंब राहीपर्यंत तो धरून ठेवला. तिनं तोंड असं वाकडं केलं की सुलेमान मागून म्हणाला, "लागली बघा! शिजलेली अशीच लागते."

"तोंड उघड," अंबाबाई म्हणाली. सुनेच्या तोंडात तिनं नीट बघून घेतलं आणि मग भिंतीला टेकून डोळे मिटले.

त्या दुपारी ताप आला, पण निम्मा. शनिवारी कपाळ नुसतं कोमट झालं. सोमवारी जयवंतानं भाकरी मागितली आणि अंबाबाईनं ती स्वतः भाजली, कारण सुंदराला पातळ थापता येत नाही असं तिचं म्हणणं होतं. शनिवारी आणि सोमवारी, दोन्ही पाळ्यांना फादर स्वतः पेला घेऊन कोंडाजीच्या घरी आले होते.

निघायच्या दिवशी अंबाबाई देवळात आली. "बाबा, औषध चांगलं शिजलं व्हतं," ती म्हणाली. "वाईच करपलं. म्हनून पहिल्या दिवशी निम्मा ताप राहिला."

फादरनी कपाळावर हात मारला. "बाई, मी आपणांस कितीदा सांगू? प्रार्थनेने औषध शिजत नाही."

"मग काय शिजतं?"

फादरांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "मी. कच्चा मी होतो, औषध नव्हे."

अंबाबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. सून करायच्या पोरीला बघतात तसं.

"मग तसं सांगायचं की आदी," ती म्हणाली. "आमी आपलं उगाच औषधाला नावं ठेवत बसलो." आणि गाडीत चढता चढता सुलेमानला म्हणाली, "ऐकलंस रं? ह्यांना रोज आच द्यावी लागते. म्हातारा बाबा लाकूड सुकं व्हतं, लगेच पेटायचा. हा वला हाय."

ही गोष्ट सुलेमाननं गाडीबरोबर गावोगाव पोचवली. दुसऱ्या सोमवारी पडवीत चाळीस माणसं होती, आणि फादरांचा जप झाल्याशिवाय एकानंही हात पुढं केला नाही. घाईत असले आणि लवकर उठायला लागले तर मागून कुणीतरी खाकरायचं. एकदा शाळेच्या भिंतीला पाऊस लागेल म्हणून ते पाच मिनिटांत उठले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं त्यांना पुन्हा बसवलं, "भिताड पडलं तर आमी येऊन बांधू. तुमी बसा." भिंत खरोखर पडली, आणि तो म्हातारा खरोखर चार माणसं घेऊन आला.

बिल्ले कुठं गेले कुणास ठाऊक. एका माणसाला पूर्वीसारखा वेळ लागू लागला, कारण फादर नाव विचारायचे, घरचं विचारायचे आणि पेला रिकामा होईस्तो समोर बसायचे. विहिरीच्या पायऱ्या त्या वर्षी पुऱ्या झाल्या नाहीत. मुंबईहून वडील पाद्र्यांचं पत्र आलं की कामं का मागं पडली? फादरनी काय उत्तर धाडलं ते कोंडाजीला कळलं नाही. पुस्तकातली फीत मात्र घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत अर्धं पुस्तक चालून गेली, आणि रविवारी बाहेर तो गोयंकर फिटर कुरकुरला की आता मिस्सा इतकी सावकाश चालते की चुलीवरचं कालवण आटतं.

फादर हुबर्ट सहा वर्षं कर्जतला राहिले. प्लेग आला तेव्हा गावाबाहेर आजाऱ्यांसाठी झोपड्या बांधल्या, आणि घरचेसुद्धा जिथं जायला भ्यायचे तिथं ते रोज जात. जायच्या आधी अर्धा तास देवळात गुडघे टेकत. आत गेल्यावर कुणाच्या उशाशी बसले की उठायची घाई करत नसत. वडील पाद्र्यांनी त्यांना मुंबईला बोलावलं होतं, ते गेले नाहीत.

फादर हुबर्ट सन अठराशे सत्त्याण्णवच्या मार्च महिन्यात, काखेत गाठ येऊन तिसऱ्या दिवशी, त्याच झोपड्यांत वारले. कोंडाजी त्यांच्याजवळ होता. अंबाबाई सन एकोणीसशे दोनच्या माघात साजगावला आपल्या घरी वारली. कोंडाजी एकोणीसशे सातच्या श्रावणात वारला.